कमी रनिंगची ‘आरएस’ किंवा ‘जीटीआय’ : मागितलेली किंमत रास्त की फुगवलेली, हे कसं ताडायचं?

समजा, अशी जाहिरात समोर आली : ‘स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस२३०, २०१८, फर्स्ट ओनर, एमएच १२ पासिंग, रनिंग फक्त १३,०००, किंमत २५ लाख.’ ‘आरएस’ आणि ‘जीटीआय’ ही साध्या गाड्यांच्या जास्त ताकदीच्या, वेगवान आवृत्त्यांची नावं. ही गाडी ऑगस्ट २०१७ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २४ लाख ६२ हजार होती. म्हणजे इतकी वर्षं लोटल्यावरही मालक नव्याच्या भावात गाडी विकायला निघालाय. घरी सांगितलंत तर सगळे तुम्हालाच वेड्यात काढतील. पण ही मागणी ऐकताक्षणी उडवून लावण्यासारखी नाही. भारतात या गाडीचे फक्त ५०० नग विकले गेले आणि त्यांना अजूनही गिऱ्हाईक आहे. प्रश्न एवढाच की याच नगाला २५ लाख द्यावेत का, आणि नसतील द्यायचे तर किती?

या बाजारात सगळे जण मीटरवरच्या आकड्यामागे धावतात. माझं मत वेगळं आहे. कमी रनिंग हा मालकाचा दावा असतो. त्याला पुरावा मिळाला तरच पैसे मोजायचे, आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिल्याने जो खर्च साचलाय तो वजा करूनच मोजायचे. शिवाय आपल्याकडे कमी पळालेल्या गाडीपेक्षा कंपनीतून निघाली तशीच राहिलेली गाडी जास्त दुर्मिळ आहे. हा क्रम डोक्यात पक्का असला की पुढचं काम सोपं जातं.

१. आधी गाडी कुठल्या गटातली ते ठरवा

रनिंग कमी आहे म्हणून कुठलीही गाडी संग्राह्य होत नाही. साध्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचं रनिंग १३,००० असेल तर चार पैसे जास्त मिळतील, इतकंच. ती अखेर वापरायची गाडी म्हणूनच विकली जाते. आरएस२३०, २०२० मध्ये ३५ लाख ९९ हजारांना आलेली आणि २०० नगांपुरती असलेली आरएस२४५, २०१६ च्या अखेरीस ९९ नगांच्या घोषणेने आलेली तीन दारांची पोलो जीटीआय, २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो यांची गोष्ट निराळी. यांचं इंजिन किंवा त्याचा ट्यून साध्या भावंडांपेक्षा वेगळा होता, संख्या कमी होती आणि पुन्हा त्याच रूपात त्या मिळणार नाहीत. जुन्या पिढीत २००४ ची दीडशे अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आणि पहिली होंडा सिटी व्हीटेक येते. सिटी मर्यादित संख्येत निघाली नव्हती, पण धड अवस्थेतल्या आता इतक्या थोड्या उरल्यात की परिणाम तोच.

नुसत्या कमी संख्येवरही भुलू नका. स्टिकर आणि नंबरची पट्टी लावून काढलेल्या ‘लिमिटेड एडिशन’ ढिगाने आल्या आणि गेल्या. अमेरिकेतलं उदाहरण बोलकं आहे. १९८७ ची ब्युइक जीएनएक्स ५४७ च निघाली, पण पुढे किंमत येणार हे लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि कित्येकांनी ती न चालवता झाकून ठेवली. त्यामुळे तिथे कमी मैलांची जीएनएक्स शोधणाऱ्याला मिळते. आपल्याकडे उलटं झालं. आरएस घेणाऱ्यांनी ती हाणली, रीमॅप केली (ताकद वाढवायला इंजिनचा प्रोग्राम बदलला), ट्रॅकवर नेली.

२. भाव गोळा करा, पण मागणी आणि सौदा वेगळे ठेवा

जाहिरातीतली किंमत ही इच्छा असते. एखादी गाडी चार महिने त्याच किमतीला लागलेली असेल तर त्या किमतीला ती जात नाही, एवढाच अर्थ तिच्यातून घ्यायचा. तुम्हाला हवेत ते पैसे घेऊन झालेले सौदे. ते मिळवायचा मार्ग म्हणजे माणसं : मालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, या गाड्यांवर काम करणारा गॅरेजवाला, आणि ज्यांनी अलीकडे विकली ते स्वतः. विकून झालेला माणूस खरा आकडा बहुधा सांगतो, आता त्याला लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एक वही किंवा एक्सेल करा. प्रत्येक सौद्यासमोर महिना, शहर, रनिंग, मालक कितवा, स्टॉक (कंपनीतून निघाली तशी) की मॉडिफाइड, आणि विकणारा घरगुती की डीलर हे लिहा. डीलरच्या किमतीत त्याचा नफा आणि त्या नफ्यावरचा जीएसटी असतो, म्हणून ती घरगुती सौद्याशी सरळ ताडू नका. वर्षभरापेक्षा जुना सौदा संदर्भापुरता ठेवा.

नवी असतानाची किंमत पायाला धरायची नाही. पोलो जीटीआय २५ लाख ९९ हजारांना आली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ती १९ लाख ९९ हजारांवर आणली. मग पाया कुठला धरणार? मालक ‘मला ऑनरोड एवढ्याला पडली’ म्हणेल. ते त्याचं दुःख आहे, गाडीची किंमत नव्हे. त्यापेक्षा आज तेवढ्या पैशांत नवं काय मिळतं ते बघा. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आणि नवी ऑक्टाव्हिया आरएस ४९ लाख ९९ हजारांना आली, ती आरएस तर १०० च नग. नव्याचा भाव इतका वर गेल्यावर जुन्या आरएसच्या मालकांना जोर येणारच, आणि तो सगळाच्या सगळा खोटा नसतो.

३. मीटरचा दावा तपासा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त पैसा इथेच अडकलेला असतो. मीटर मागे फिरवणं आजही काही हजारांत होतं, आणि या गाड्यांत त्यातून मिळणारा फायदा लाखांत असतो.

सुरुवात सर्व्हिसच्या फाइलपासून. ‘फुल कंपनी सर्व्हिस’ हे शब्द ऐकून समाधान मानू नका. प्रत्येक बिल मागा आणि तारखेने लावा. नुसते आकडे चढते आहेत की नाही एवढंच बघायचं नाही, बिलातल्या कामाचा आकड्याशी मेळ बसतो का ते बघायचं. ११,००० किलोमीटरच्या बिलात पुढचे ब्रेक पॅड बदललेत, ९,००० ला दोन टायर नवे आणि त्याच वर्षी व्हील बेअरिंग, असं दिसलं तर एक तर गाडी ट्रॅकवर गेली आहे किंवा आकडा खोटा आहे. दोन्ही उत्तरं किंमत खाली आणतात. मध्ये दोन वर्षं बिलच नसेल तर कारण विचारा. २०२० ते २०२१ ची पोकळी लॉकडाउनमुळे समजण्यासारखी आहे, त्यानंतरची नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर जुन्या भेटींची नोंद असते. मालकाला सोबत घेऊन जा आणि ती समोर काढून घ्या. मालक टाळाटाळ करत असेल तर तेही लिहून ठेवा.

मग फास्टॅगचं स्टेटमेंट. याची आठवण फार कमी लोकांना होते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे टोलवरची जवळपास प्रत्येक फेरी तारखेसह बँकेत नोंदली गेली आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग साधारण ९५ किलोमीटरचा. स्टेटमेंटमध्ये महिन्याला चार जाणं-येणं दिसत असेल तर वर्षाला नऊ हजार किलोमीटर त्या एका रस्त्यावरच झाले. मग सात वर्षांत १३,००० कसे? ई-चलानही तपासा. वेगाचं चलान तारीख, जागा आणि बहुधा फोटोसह येतं. विम्याचं नूतनीकरण मध्ये चुकलं असेल तर कंपनीने गाडीची पाहणी केलेली असते आणि त्या फोटोंत मीटर असतो. मालकाकडे ते ईमेल सापडतात.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत वीसीडीएससारख्या स्कॅनरने इंजिन, गिअरबॉक्स आणि इतर मॉड्यूलमधल्या नोंदी वाचता येतात. जुन्या दोषाच्या नोंदीसोबत त्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. मीटरवर १३,००० आणि गिअरबॉक्सच्या नोंदीत ४१,००० दिसले तर चर्चा तिथेच संपवायची. मीटर फिरवणारे बरेच जण डॅशबोर्डपाशी थांबतात, आतल्या मॉड्यूलपर्यंत जात नाहीत.

शेवटी गाडीकडे बघा, उन्हात, धुतल्यावर. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं चामडं, ब्रेक पेडलचं रबर, किल्लीवरची चिन्हं. ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवा : १३,००० किलोमीटरच्या गाडीत कडेला जेमतेम जाणवेल एवढा उंचवटा असतो, नख ठळक अडलं तर डिस्क बरीच झिजलेली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ४५१७ म्हणजे २०१७ च्या पंचेचाळिसाव्या आठवड्यात बनलेला. २०१८ च्या गाडीत चारही टायर मूळचे असतील तर दाव्याला बळकटी येते. सीटबेल्ट पूर्ण ओढला की बुडाशी चिठ्ठी दिसते, तिच्यावर तारीख असते. सगळ्या काचांवरच्या खुणा एकाच वर्षाच्या हव्यात. बेल्ट बदललेला असेल तर एअरबॅग उघडल्या होत्या का, हा प्रश्न आलाच.

४. उभ्या गाडीचं बिल काढा

कमी पळालेली म्हणजे कमी झिजलेली हे अर्धंच खरं. रबर, तेल आणि पेट्रोल यांचं वय कॅलेंडरवर मोजायचं असतं. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचं खालचं अंग, ब्रेक पाइप, एसीचं कूलिंग कॉइल आणि हेडलाइट आवर्जून बघा. हीच गाडी पुण्यातल्या बंद पार्किंगमध्ये असती तर चित्र वेगळं असतं.

टायरची नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचे टायर या ताकदीच्या गाडीला चालणार नाहीत. दावा सिद्ध करायला मूळचे टायर उपयोगी आणि चालवायला निरुपयोगी, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. एकाच जागी उभं राहून ते चपटे पडले असतील तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि अशा गाड्यांत ते हमखास राहून जातं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल इंजेक्टर आणि पंपाला त्रास देतं. अबार्थच्या १.४ टी-जेट इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. त्याला किलोमीटरइतकीच वर्षांची मर्यादा असते. १२,००० किलोमीटरची अबार्थ २०१५ च्या बेल्टवर चालत असेल तर ती घरी चालवत न्यायचीही जोखीम घेऊ नका. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च धरा. आरएस२३० मध्ये चेन आहे, ती चिंता नाही. तिचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तेलातल्या क्लचचा आहे. त्याचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलतात, पण इतक्या वर्षांनंतर रनिंग न बघता बदलून घ्यावं. पोलो जीटीआयचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा, आणि त्याच्या मेकॅट्रॉनिकची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाची, ख्याती चांगली नाही. चाचणीला मुद्दाम ट्रॅफिकमध्ये, सिंहगड रोडसारख्या ठिकाणी, तासभर न्या. थंड गिअरबॉक्स शहाण्यासारखा वागतो.

बॉनेटखाली वायरिंगवर उंदरांनी दात मारलेत का तेही पाहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांची ही नेहमीची व्यथा आहे. हार्नेस दुरुस्तीचा खर्च आणि त्यातून पुढे निघणारे विजेचे दोष मिळून भाव चांगलाच खाली येतो.

५. स्टॉक आहे का?

भावाचा मोठा फरक इथे पडतो. रीमॅप काढून गाडी पुन्हा स्टॉक करता येते, पण इसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) प्रोग्राम किती वेळा लिहिला गेला याची मोजणी राहते. जाणकार ट्यूनर ती वाचून सांगू शकतो. रीमॅप झाला होता म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. तो लपवला असेल तर मात्र बाकीच्या दाव्यांवरचा विश्वासही जातो. मूळ अलॉय, मूळ एक्झॉस्ट, मूळ एअरबॉक्स मालकाने जपून ठेवले असतील तर ते सौद्यातच लिहून घ्या. आज यांतले काही भाग नवे मागवायला बसलात तर महिने जातात आणि खिसाही कापला जातो. एक्झॉस्ट किंवा रंग बदलला असेल तर आरटीओच्या दृष्टीनेही तो प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचं मूळ स्वरूप बदलायला मर्यादा आहेत आणि रंग आरसीवरच्या नोंदीशी जुळायला हवा.

पेंटसाठी मायक्रॉन मोजायचं यंत्र आणा. मूळ रंगाची जाडी साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरते. तीनशेच्या पुढे गेली की रंगाखाली दुसरा रंग किंवा पुट्टी आहे. पुण्या-मुंबईत बंपर रंगवलेला असणं फार मनावर घेऊ नका. छत, खांब किंवा पुढच्या चॅसिसच्या टोकापाशी रंगकाम दिसलं तर गाडी संग्रहाच्या भावाला विसरून जा, रनिंग कितीही कमी असो. रंगाची पसंतीही भावात उतरते. आरएस२४५ चा रॅली ग्रीन शोधणारा माणूस पांढऱ्यावर समाधान मानत नाही.

६. कागद

हे थोडक्यात. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर मालक कितवा, बँकेचा बोजा उतरलाय का, विमा आणि पीयूसी चालू आहे का ते बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसलेली हवी, नाहीतर आरटीओची कामं अडतात. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर असेल तर अलीकडे क्लेम झालेला नाही याचा तो चांगला पुरावा. बाहेरच्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणून महाराष्ट्रात पुन्हा कर भरायचा आणि जुन्या राज्याकडून परतावा मागत बसायचं, हे धरून हिशेब करा. २००४ च्या आरएसला किंवा सिटी व्हीटेकला १५ वर्षं कधीच उलटली आहेत, म्हणून पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरल्याच्या पावत्या मागा. व्हिंटेजची सवलत ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, या गाड्यांना ती लागू नाही.

७. आता आकडा काढा

पुढचे आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा, तुमच्या वहीत ४५,००० किलोमीटर झालेल्या, स्टॉक आणि पूर्ण फाइल असलेल्या आरएस२३० चा ताजा घरगुती सौदा २० लाखांना झालाय. हा पाया. समोरची गाडी १३,००० ची आहे आणि दावा सगळ्या तपासण्यांतून उतरलाय. प्रत्येक किलोमीटरला अमुक रुपये असा हिशेब मी करत नाही. ८०,००० वरून ६०,००० ला येताना भाव फारसा हलत नाही, वीस हजारांच्या आत आल्यावर उडी मारतो. सिद्ध झालेल्या १३,००० साठी साडेबारा टक्के, म्हणजे अडीच लाख, वर धरू. झाले साडेबावीस.

आता वजाबाकी. चार टायर ७० हजार, बॅटरी १२ हजार, सगळी तेलं, कूलंट आणि डीएसजी सर्व्हिस ४८ हजार, रंगवलेल्या बंपरचे २० हजार. एकूण दीड लाख. उरले २१ लाख. मागणी २५ ची आहे, तर चार लाखांचा हा फरक मालकासमोर ओळीओळीने मांडा. या गाड्या जपणारी माणसं हिशेब समजून घेतात. ‘शेवटचं किती होईल?’ या प्रश्नाने मात्र चिडतात.

हीच गाडी, हाच मीटर, पण बिलं नाहीत आणि स्कॅन करू देत नाहीत. मग रनिंगसाठी वरचे अडीच लाख द्यायचे नाहीत. २० मधून दीड वजा, साडेअठरा. शिवाय सीटबेल्टची किंवा काचेची तारीख जुळत नसेल तर त्या भावालाही मी हात लावणार नाही.

गाडी घेऊन तुम्ही काय करणार, हेही या हिशेबात बसवा. दर शनिवारी ताम्हिणी घाटात न्यायची असेल तर १३,००० ची गाडी घेऊ नका. मोजलेले अडीच लाख दोन वर्षांत रस्त्यावर संपतील. चाळीस-पन्नास हजारांची, नीट राखलेली, टायर-तेलं ताजी असलेली गाडी त्याच आनंदासाठी स्वस्तात मिळते आणि तिला चालवताना हात आखडत नाही. कमी रनिंगची घ्यायची तर महिन्यातून दोनदा तरी इंजिन पूर्ण गरम होईल इतकी चालवायची तयारी ठेवा, नाहीतर चौथ्या मुद्द्यातलं बिल पुन्हा तुमच्याच नावावर निघेल.

सौदा ठरला की टोकनच्या पावतीवर चॅसिस नंबर, त्या दिवशीचं रनिंग, दोन्ही किल्ल्या आणि सोबत मिळणारे मूळ भाग लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमा १४ दिवसांत नावावर करायला लागतो, आणि मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षापर्यंत गाडी निम्म्यावर येते. पाच वर्षांपुढे मात्र आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. एजंट सवयीने सात-आठ लाख टाकेल. तिथे सही करू नका. तुमची सौद्यांची वही, बिलांची फाइल, पेंटचे आकडे आणि फोटो पाठवून आयडीव्ही खरेदीच्या जवळ न्यायला सांगा, एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीला विचारा. गाडी पूर्ण गेली, तर त्या कागदावर लिहिलेलाच आकडा हातात पडतो.